गाण्यानं शिकवलेलं इंग्रजी, आणि न शिकवलेलं

(शनिवार पेठेत तरुण-तरुणींच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांचा फोन आला तेव्हा त्यांनी विषय सांगितला, 'इंग्रजीची भीती'. मी म्हटलं, भीतीवर बोलायला कुणी मानसशास्त्राचा माणूस बोलवा. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. गाणी ऐकून मी इंग्रजी कसं शिकलो, तेवढंच फार तर सांगू शकेन. पलीकडे क्षणभर शांतता. मग ते म्हणाले, "चालेल, पण गाऊ नका." गाणार नाही, काळजी नसावी.

या पेठेत इंग्रजीवर बोलायचं म्हणजे जरा दडपण येतं. चिपळूणकर, टिळक आणि नामजोशी यांनी १८८० साली जे न्यू इंग्लिश स्कूल काढलं, त्याची रमणबागेतली शाळा इथून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. चिपळूणकरांनी इंग्रजीला वाघिणीचं दूध म्हटलं, हे आपण शाळेत पाठ केलंय. त्या शाळेच्याही आधी, १८५४ साली, 'काव्यफुले' या संग्रहात सावित्रीबाई फुल्यांनी इंग्रजीला आई म्हणून हाक मारली होती. त्यांची शाळा शेजारच्याच बुधवार पेठेत, भिडे वाड्यात. आणि ही शनिवार पेठ पूर्वी मुर्तजाबाद नावानं ओळखली जायची, हे आपल्यापैकी किती जणांना माहीत आहे? म्हणजे या भागात ना इंग्रजी उपरं, ना आपण. तरी अठराव्या वर्षापर्यंत इंग्रजीत तोंड उघडायची वेळ आली की माझ्या घशाला कोरड पडायची.

माझे अब्बा बाइंडर. याच पेठेतल्या एका गल्लीत, वाड्याच्या तळमजल्यावर त्यांचं दुकान होतं. अप्पा बळवंत चौकातून काम यायचं. मे-जूनमध्ये गाइडांचे फर्मे पार छताला टेकायचे. अब्बा फर्मे जुळवायचे, जुझबंदी शिवायचे, अम्मी घरी खळ करून द्यायची. जुझबंदीतलं जुझ म्हणजे कुरआनचे तीस जुझ असतात तेच, हे मला फार उशिरा लक्षात आलं. इंग्रजी व्याकरणाची हजारो पुस्तकं अब्बांच्या हातून गेली. त्यातलं एक वाक्य त्यांना वाचता येत नव्हतं. पण फर्मा उलटा लागला तर ते अंधारातसुद्धा ओळखायचे.

मी मराठी शाळेत. आमच्या बॅचला इंग्रजी पाचवीपासून होतं. रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना २००० साली ते पहिलीपासून सुरू झालं, तेव्हा मी सातवीत होतो, म्हणजे गाडी सुटून गेलेली. वर्गात इंग्रजी म्हणजे कंसातल्या क्रियापदाचं योग्य रूप लिहा. लिहायचो. मार्कही पडायचे. पण त्या क्रियापदाचा आवाज कसा असतो, हे कानाला माहीत नव्हतं.

तो आवाज मला जुन्या बाजारात मिळाला. मंगळवार पेठेत रविवारी आणि बुधवारी भरतो, तो. त्या चौकाला शाहीर अमर शेखांचं नाव आहे. बार्शीचे मेहबूब हुसेन पटेल, ज्यांच्या मराठी आवाजावर संयुक्त महाराष्ट्राच्या सभा उसळायच्या. त्या चौकात अब्बा सेकंडहँड कात्र्या बघत होते, आणि मी एक कॅसेट उचलली. बॅकस्ट्रीट बॉइजची 'मिलेनियम'. आतला शब्दांचा कागद गायब होता, म्हणून स्वस्तात मिळाली.

तो कागद नव्हता हे माझं नशीब. शब्द छापील मिळाले असते तर मी ते वाचले असते आणि विसरलो असतो. नव्हते, म्हणून ऐकून लिहावे लागले. दुकानातल्या कटिंग मशीनखाली कागदाच्या लांब पट्ट्या पडायच्या. एका पट्टीवर एक ओळ, तीही देवनागरीत. टेप थांबवायचा, मागे न्यायचा, पुन्हा ऐकायचा. अब्बा विचारायचे, "क्या बोल रा रे वो?" मी म्हणायचो, "मालूम नै." ते म्हणायचे, "फिर लिख क्या रा?"

हा प्रश्न बरोबर होता. मी आवाज लिहीत होतो. अर्थाचा पत्ता नव्हता. आणि मला त्यात काही चमत्कारिक वाटत नव्हतं, कारण तसं शिकायची सवय होती. मक्तबमध्ये आपण काय करतो? नाझरा. अरबी अक्षरं, अरबी उच्चार, आयतींमागून आयती, अर्थ नंतर कधीतरी. बहुतेकांचा तो 'नंतर' येतच नाही. माझाही बरीच वर्षं आला नव्हता. पण कान आणि जीभ तयार झाली होती, हे मान्य करायला हवं. आता एक गंमत करू. आपल्यापैकी बहुतेक जण इंग्रजीतलं 'थिंक' मराठी 'थ' लावून म्हणतात. आणि मक्तबमध्ये अरबी 'सा' हे अक्षर उस्तादांनी कसं शिकवलं होतं? जिभेचं टोक वरच्या दातांच्या कडेला लावायचं आणि हवा सोडायची. 'थिंक'चा पहिला आवाज हाच. 'ज़ाल' आठवा, तेच करायचं पण आवाज घुमवून. 'दिस' आणि 'दॅट'मधला तो. व्हॉइस ट्रेनिंगच्या क्लासात हे शिकवायला पैसे घेतात. तुम्हाला ते सहाव्या वर्षी फुकट शिकवलंय, फक्त हा तोच आवाज आहे असं कुणी सांगितलं नाही.

गाण्यानं दुसरी एक गोष्ट दिली, ती म्हणजे कुठलं अक्षर गिळायचं. मराठीत आपण प्रत्येक अक्षराला त्याचा वाटा देतो. 'कम्फर्टेबल' म्हणताना चारही तुकडे नीट वाजवतो. इंग्रज माणूस मधलं खाऊन टाकतो, 'कम्फ्टबल'. शब्दातल्या एकाच जागी जोर देतो, बाकीचं पुटपुटतो. हे फळ्यावर शिकवता येत नाही. गाण्यात मात्र जोराचं अक्षर तालावर पडतं आणि उरलेली दोन तालांच्या मध्ये दाटीवाटीनं बसतात. तुम्ही सगळी अक्षरं म्हणायला गेलात की गाणं पुढे निघून जातं. आपली चूक गाणंच दाखवतं, शिवाय कुणी हसत नाही.

याला थोडा अभ्यासाचा आधारही आहे. एडिंबरा विद्यापीठातल्या संशोधकांनी ६० प्रौढांना हंगेरियन वाक्यं शिकवली. काहींनी ती नुसती म्हणायची, काहींनी ठेक्यात म्हणायची, काहींनी गायची. शिकायला वेळ फक्त १५ मिनिटं. नंतर ती वाक्यं आठवून बोलून दाखवण्यात गाणारे पुढे होते. हा निबंध २०१४ साली प्रसिद्ध झाला. चालीमुळे वाक्याची लांबी ठरते. एखादा शब्द निसटला तर तिथे खड्डा जाणवतो. पाढे आपण चालीवरच पाठ केले होते, त्यामुळे यात आपल्याला नवल वाटू नये.

इथपर्यंत ऐकून तुम्हाला वाटेल, झालं, उद्यापासून गाणी ऐकायची. थांबा. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला कॅम्पस इंटरव्ह्यू होता. कंपनीचं नाव सांगत नाही. समोरच्या बाईंनी विचारलं, बॅकलॉग आहेत का? एकही नव्हता, अभिमानानं सांगायचं होतं. मी म्हटलं, "आय ऐन्ट गॉट नो बॅकलॉग." बाई हसल्या. म्हणाल्या, म्हणजे आहेत? मला कळेचना की मी काय बोललो. माझं नाव यादीत आलं नाही. त्या एका वाक्यामुळेच नाही आलं असं म्हणणार नाही, कोडिंगच्या प्रश्नातही गडबड केली होती. पण घरी येताना बसमध्ये तेच वाक्य डोक्यात फिरत होतं.

ते वाक्य गाण्यांनी दिलेलं. रोलिंग स्टोन्सचं १९६५ चं 'सॅटिस्फॅक्शन' आहे ना, त्याच्या पूर्ण नावातच दोन नकार आहेत. शाळेच्या व्याकरणात दोन नकार एकमेकांना खोडतात, तिथे ते एकमेकांना जोर देतात. अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या आणि कष्टकऱ्यांच्या बोलीत हे रोजचं आहे, आणि पॉप संगीताचा मोठा हिस्सा तिथूनच आलेला. मग ते चूक का? आपली दखनी चुकीची हिंदी आहे का? नाही, ती दखनी आहे. पण बँकेत अर्ज देताना आपण 'मेरेकू लोन होना' लिहीत नाही. गाण्यातलं इंग्रजी हे घरचं, गल्लीतलं, रात्री मित्रांशी बोलायचं इंग्रजी आहे. ऑफिसचं वेगळं. उलट्या टोकाला आपल्या ऑफिसांतलं 'काइंडली डू द नीडफुल' आहे, तेही गाण्यात घातलं तर लोक उठून जातील.

शब्दांचंही तेच. टिम मर्फी नावाच्या भाषाशिक्षकानं पॉप गाण्यांच्या शब्दांचा अभ्यास केला होता. शब्द सोपे, तेच तेच, 'मी' आणि 'तू' भरपूर, पण तो 'तू' कोण, कुठे, कधी, हे बहुधा सांगितलेलं नसतं. म्हणून ऐकणारा त्या जागी स्वतःला बसवतो. शिकणाऱ्याच्या फायद्याची गोष्ट आहे. पण हृदय, रात्र, आग, पाऊस आणि निरोप एवढ्यावर किती दिवस काढणार? 'इन्व्हॉइस' हा शब्द मला आजवर कुठल्या प्रेमगीतात भेटलेला नाही. सहा महिन्यांत ही विहीर आटते. मग बातम्या, मुलाखती, वर्तमानपत्र, तिकडे वळावंच लागतं.

मग गाण्याचं खरं काम काय? माझ्या मते, ते एक जिवंत वाक्य तोंडात बसवून देतं. ते वाक्य उघडून बघायचं काम आपलं. हे मला शिकवलं माझ्या धाकट्या बहिणीनं. ती आज मागच्या रांगेत बसली आहे, त्यामुळे मी जपून बोलतोय.

२००८ साली बियॉन्सेचं 'इफ आय वेअर अ बॉय' आलं. बहीण तेव्हा बी. कॉम.च्या पहिल्या वर्षाला होती. मोबाइलच्या मेमरी कार्डवर तिनं ते गाणं भरून आणलं आणि मला विचारलं, "भाई, 'आय'बरोबर 'वॉज' येतं ना? ही 'वेअर' का म्हणते?" मी इंजिनिअरिंगला, घरातला इंग्रजीवाला. मला उत्तर आलं नाही. मी म्हटलं, गाण्यात चालतं. ती म्हणाली, "गाण्यात चालतं म्हणून नाही, काहीतरी कारण असणार."

मग आम्ही दुकानातलंच एक व्याकरणाचं पुस्तक काढलं, अजून शिवलेलं नव्हतं, नुसते फर्मे. त्यात सापडलं. जे खरं नाही, होणारही नाही, त्याबद्दल बोलताना इंग्रजी क्रियापद वेगळं होतं. 'वॉज'च्या जागी 'वेअर'. मी म्हटलं, विचित्र भाषा आहे. तर ती म्हणाली, "मराठीतपण आहे की. 'मी मुलगा आहे' नाही, 'मी मुलगा होते' नाही. 'मी मुलगा असते तर'." मी गप्पच. दहा वर्षं मराठी शाळेत काढून मला माझ्या भाषेत हे आहे, हे दिसलं नव्हतं. इंग्रजी गाण्यानं मराठी व्याकरण दाखवलं. बोलताना इंग्रज लोक सर्रास 'वॉज'ही वापरतात, बरं का. प्रिन्सचं १९८७ चं 'इफ आय वॉज युअर गर्लफ्रेंड' आहेच. पण अर्ज आणि परीक्षेत 'वेअर' लिहा.

गोष्ट इथे संपली असती तर बरं झालं असतं. त्याच महिन्यात बहिणीला एका बीपीओत बोलावणं आलं होतं. तिचं इंग्रजी माझ्यापेक्षा चांगलं होतं, उच्चार तर फारच. पण शिफ्ट रात्रीची. अब्बा नाही म्हणाले. चाचा नाही म्हणाले. रात्री जेवताना ती ताटाकडे बघत म्हणाली, "मैं लडका होती तो कब की गई होती." कुणी काही बोललं नाही. मीही नाही. मला त्या वाक्यातलं व्याकरण नीट कळलं होतं, आठवड्यापूर्वीच तिच्याबरोबर शिकलो होतो. मी तोंड उघडायला हवं होतं आणि मी चपाती मोडत बसलो. त्यासाठी इंग्रजी येण्याची गरजही नव्हती.

दोन वर्षांनी तिनं दिवसाची नोकरी धरली. आता ती शिकवते. पाचवी-सहावीतली मुलं येतात, आणि तिच्या क्लासात गाणी असतात. तिची पद्धत माझ्यापेक्षा कडक आहे, ती सांगतो, कारण ती तुम्हाला उपयोगी पडेल. एका आठवड्याला एकच गाणं. पहिल्यांदा शब्द न बघता ऐकून लिहायचं, मग छापील शब्दांशी ताडून बघायचं. आम्ही सॉफ्टवेअरवाले याला 'डिफ' म्हणतो, दोन फायलींतला फरक. जिथे फरक, तिथे तुमचा कान कच्चा, किंवा कधीकधी वेबसाइटवाल्याचा, कारण तिथेही चुका असतात. मग एक वाक्य घ्यायचं आणि त्याची मोडतोड करायची. 'मी'चं 'ती' करा, आजचं काल करा, होकाराचं नकार करा. 'आय'चं 'शी' केलं की क्रियापदाला 'एस' लावायचा की नाही ते डोळ्यांपुढे येतं. शेवटी ते वाक्य मराठीत आणा. अडेल. जिथे अडेल तिथेच शिकायचंय.

उदाहरणार्थ, पोलिस या बँडचं १९८३ चं 'एव्हरी ब्रेथ यू टेक'. फक्त नाव मराठीत करून बघा. 'तू घेतेस तो प्रत्येक श्वास.' मराठीला 'जो-तो' किंवा निदान 'तो' लागतो. इंग्रजीत जोडणारा शब्दच नाही, दोन वाक्यं खळ न लावता चिकटवलीत. आपण इंग्रजी बोलताना तिथे 'व्हिच', 'दॅट' कोंबतो आणि वाक्य जड होतं. आणि अर्थ विचारायची सवय असेल तर अजून एक कळतं. लोक हे गाणं लग्नात वाजवतात. ते लिहिणारा स्टिंग स्वतः म्हणतो की हे प्रेमगीत नाही, पाळत ठेवणाऱ्या, ताबा सांगणाऱ्या माणसाचं गाणं आहे.

काही घरांत गाणं चालत नाही. मी त्या वादात पडत नाही, घरच्यांशी भांडून इंग्रजी शिका असं तर मुळीच सांगणार नाही. त्यांच्यासाठी एक नाव सांगतो, युसुफ इस्लाम. आधीचे कॅट स्टीव्हन्स. १९७७ साली त्यांनी इस्लाम स्वीकारला, मग बरीच वर्षं गाणं सोडलं, आणि २००६ साली 'अॅन अदर कप' घेऊन परत आले. मधल्या काळात, १९९५ साली, पैगंबरांच्या चरित्राचा एक अल्बम त्यांनी केला. त्यात बहुतेक बोलणंच आहे, सावकाश आणि स्वच्छ इंग्रजी. आणि ज्यांना गाणं चालतं त्यांनी त्यांचं १९७० चं 'फादर अँड सन' ऐका. बाप आणि मुलगा दोघांचं तेच गातात, बाप खालच्या आवाजात, मुलगा वरच्या. २०२० साली त्यांनी ते पुन्हा केलं, तेव्हा बाप म्हणून सत्तरी ओलांडलेला आवाज आणि मुलगा म्हणून स्वतःचंच तरुणपणीचं रेकॉर्डिंग वापरलं. हे मी अब्बांना ऐकवलं. अर्थ सांगत गेलो. ऐकून झाल्यावर त्यांनी विचारलं, "शेवटी पोरगा जातो का राहतो?" जातो, म्हटलं. मग ते पुन्हा कामाला लागले.

आता त्या जुन्या बाजारातल्या कॅसेटकडे येतो. तिच्यातलं 'आय वॉन्ट इट दॅट वे' मी शंभर वेळा तरी ऐकलं असेल. शब्द सगळे कळले तरी 'दॅट वे' म्हणजे कुठली तऱ्हा, ते कळेना. शाळेत सरांना विचारलं, त्यांनाही नाही. मी समजलो की आपलंच इंग्रजी कमी पडतंय, मराठी मीडियमचं पोर, काय कळणार. कितीतरी वर्षांनी वाचलं की ते गाणं स्टॉकहोममध्ये मॅक्स मार्टिन आणि आंद्रेआस कार्लसन यांनी लिहिलं. दोघंही स्वीडिश, इंग्रजी शिकलेले. अमेरिकेतल्या रेकॉर्ड कंपनीलाही अर्थ लागेना, म्हणून शब्द बदलून दुसरं रूप रेकॉर्ड केलं गेलं, पण गायकांनी पहिलंच ठेवलं. याच मॅक्स मार्टिननं ब्रिटनी स्पिअर्सचं १९९८ चं पहिलं गाणं लिहिलं. त्यात फोन कर या अर्थानं त्यानं जो शब्द घातला, तो अमेरिकनांना 'मार' असा ऐकू आला. म्हणून नावातून ते शब्द गाळून पुढे तीन टिंबं ठेवली आणि गाणं जगभर गाजलं.

म्हणजे मी ज्यांना इंग्रजीचे मालक समजत होतो ते माझ्यासारखेच, डिक्शनरी चाळत शिकलेले. त्यांनी चूक केली तर गाणं झालं, आणि मी केली तर इंटरव्ह्यू गेला, हा फरक आहेच, तो मी नाकारत नाही. पण तो फरक भाषेनं केलेला नाही.

संयोजक घड्याळ दाखवतायत. प्रश्न विचारा. मराठीत विचारा, दखनीत विचारा, इंग्रजीत विचारलेत तर चुका मी मोजणार नाही, मागच्या रांगेतल्या बाई मोजतील. फक्त साडेसहाच्या आत, कारण हॉलची किल्ली परत करायची आहे.